निकासी नहर

दादा, तुझ्या तेरवीला खदानीतली बरीच माणसं आली होती. जेवणं आटोपल्यावर अंगणातल्या सतरंजीवर बसून सगळे तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलत होते. त्या दिवशी चांगलंच बोलायचं असतं, हे मला कळतं. तू असतास तर तुला अर्ध्यातच जांभई आली असती. मग तुझे मोठे साहेब हिंदीत म्हणाले की अशी नहर या मुलखात दुसऱ्या कोणी बांधली नाही, आणि सगळ्यांनी माना डोलवल्या. मी दाराआड वहिनीजवळ बसले होते. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, नहर नाही साहेब, नाली म्हणा. वहिनीनं माझ्या हातावर हात ठेवला. मी काय बोलणार ते तिला बरोबर कळलं होतं. 

पण तुझ्यामाझ्यातलं ते भांडण काही संपलेलं नव्हतं. तू मध्येच उठून गेलास. लहानपणी चौसरात हरायला लागलास की 'आई बोलावून राहिली' म्हणून असाच उठायचास, आणि मी सोंगट्या तशाच मांडून तुझी वाट पाहत बसायची. आताही तशीच बसले आहे. रागवायचं तर कोणावर, तेवढं समजत नाही.

बहीणभावांची भांडणं घरावरून होतात, शेतावरून होतात. आपलं भांडण एका शब्दावरून झालं, हे कोणाला सांगितलं तर हसतील. म्हणून तुलाच सांगते आहे. तुला सगळं ठाऊकच आहे, तरी पहिल्यापासून सांगते, कारण माझ्या बाजूनं तू ते कधी नीट ऐकूनच घेतलं नाहीस.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी नावाजलेलं होतं. त्या पाण्यात तुरीची डाळ मऊ शिजायची. अर्धं गाव आमच्याच विहिरीवर यायचं आणि सासूबाईंना त्याचा मोठा तोरा होता. मग वरच्या टेकडीवरची मँगनीजची खदान वाढत गेली. खड्ड्यात साचलेलं पाणी पंपानं उपसून बाहेर टाकायचे, आणि पावसाळ्यात मातीच्या ढिगाऱ्यांवरून वाहून येणारं पाणी त्यातच मिसळायचं. ते सगळं एका कच्च्या चारीतून आमच्या बांधाला लागून खाली जायचं. आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही. पाणी आपल्या वाटेनं जातं आहे, जाऊ दे, असंच सगळ्यांना वाटायचं.

तू तेव्हा नुकताच बदली होऊन या खदानीत ओव्हरसियर म्हणून आला होतास. पांढुर्ण्याहून निघताना आईला म्हणाला होतास, सुमी तिकडे जवळच आहे, तिच्यावर लक्ष राहील. लक्ष कसलं! सौसरच्या बाजाराच्या दिवशी सायकल दामटत माझ्याकडे जेवायला यायचास आणि भाजीत तिखट कमी आहे म्हणून नावं ठेवायचास. पण तसं येत होतास म्हणूनच एक दिवस तुला दोरीवर वाळत घातलेलं यांचं धोतर दिसलं. मला रोज दिसत होतं, म्हणून मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तू ते हातात घेतलंस, उन्हात धरलंस आणि विचारलंस, "हे असं काऊन झालं?"

मी म्हटलं, साबण खराब आला असेल. तू ऐकलं नाहीस. घागरीतलं पाणी पेल्यात ओतून पाहिलंस. पाणी नितळ होतं. मग मी तुला कालची घागर दाखवली. तिच्या तळाशी काळपट साका बसला होता आणि काठाला तसलंच कडं धरलं होतं. तुझा चेहरा उतरला. त्या दिवशी तू भाजीला नावं ठेवली नाहीस. तेव्हाच मला भीती वाटली.

ओसरीवर बसून तू यांना आणि मला ते समजावून सांगितलंस. जाम नदीच्या रेतीत आपण झिरा खोदायचो, ते तू मला आठवायला लावलंस. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडलं की आपण दोघं हातानं रेती उकरायचो, समोर सावरगावच्या काठावर बायका तेच करत असायच्या. खड्ड्यात पाणी वरून यायचं नाही, खालूनही नाही, बाजूनं पाझरत यायचं. तू म्हणालास, तसंच आहे हे. चारीतलं पाणी नुसतं खाली जात नाही, जाता जाता बाजूला पाझरतं, आणि तुमची विहीर चारीच्या बाजूलाच आहे. मग म्हणालास, "सुमे, तुझी विहीर आमच्या खदानीचा झिरा होऊन राहिली."

या एका वाक्यासाठी मी तुझ्या सगळ्या नावं ठेवण्याला माफ केलं आहे. आपल्या पगाराच्या जागेबद्दल असं सरळ बोलणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

त्यानंतर तू साहेबांच्या मागे कसा लागलास ते वहिनीनं मला सांगितलं. तू स्वतः कधी बोलला नाहीस. वरच्यावर चारी साफ करून घ्या, असं आधी ते म्हणाले. मग म्हणाले, खदानीच्या हद्दीपुरती पक्की करा, पुढचं पुढे पाहू. तू अडून बसलास की ढिगाऱ्यापासून खालच्या गाळाच्या तळ्यापर्यंत सलग झाली तरच उपयोग, मध्ये वीतभर जागा कच्ची राहिली तर सगळं पाणी तिथूनच जिरेल. शेवटी परवानगी मिळाली. त्या आनंदात तू माझ्याकडे आलास आणि तिखट कमी असलेली भाजी दोनदा मागून घेतलीस.

ते काम चालू होतं तेव्हाचा तू मला सगळ्यात जास्त आठवतोस. आधी चारी खोल आणि सारखी करून घेतलीस. मग चिकणमाती पसरून, ती ओलवून, धुमसानं ठोकून घेतलीस. तिच्यावर जाड काळं प्लास्टिक, त्यावर फरश्या, आणि फरश्यांच्या सांध्यात सिमेंट. सांधा वाकडा गेला की उखडायला लावायचास. माणसं वैतागायची, पण तू त्यांच्याबरोबर उन्हात उभा असायचास म्हणून तोंडावर कोणी बोलत नसे. मी एकदा तुझा डबा घेऊन आले तर तू फरशीवर पालथा पडलेला. गाल दगडाला टेकवून, एका हातानं लोट्यातलं पाणी हळूहळू सोडत होतास आणि ते कुठे अडतं का ते पाहत होतास. मी विचारलं, काय करून राहिला रे? एक मजूर हसून म्हणाला, "बाई, साहेब पाण्याशी बोलून राहिले."

पाण्यानं उत्तर बरोबर दिलं असणार, कारण तू उठलास तो हसतच. शर्टाला सगळं सिमेंट आणि धूळ. मी तुला झाडलं. कामावर आपला दादा असा दिसतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला फार अभिमान वाटला. तुला काय म्हटलं? म्हटलं, वहिनीला आता हा शर्ट धुवायला लाव आमच्या विहिरीवर, म्हणजे मूळ रंग कोणता होता तेही विसरशील. आपल्या घरात कौतुक करायची पद्धतच नव्हती. आईनं आपल्याला ती शिकवली नाही, आणि आपण दोघांनी शिकायचा त्रास घेतला नाही. आज त्याचं मला वाईट वाटतं.

आणि मग ती पाटी.

ऑफिसच्या कागदावर 'जल निकासी नाली', म्हणजे पाणी बाहेर नेणारं गटार, असं लिहिलं होतं, हे तूच मला सांगितलंस. पाटी रंगवायला तुला दुसरा माणूस चालला नाही. कॉलेजात असताना पांढुर्ण्याच्या बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या तू रंगवल्या होत्यास. तुझी अक्षरं लोक थांबून पाहायचे. वेलांटी तर तू अशी काढायचास की ती अक्षराच्या डोक्यावरून फिरून खाली यायची. ती पाटी तू स्वतः रंगवलीस, निळ्यावर पांढरी, आणि लिहिलंस 'निकासी नहर'. नालीची नहर तू केलीस. ऑफिसात कोणाला त्याचं काही वाटलं नाही. त्यांना नाली काय, नहर काय, वाहून जाण्याशी कारण. तू मला मोठ्या खुशीत सांगितलंस, आणि मीही हसले. त्या दिवशी माझ्याही काही लक्षात आलं नाही.

आपल्याकडे पक्क्या बांधलेल्या पाटाला किती मान आहे, ते तू विसरलास का? इथं नहर म्हणजे सरकारचं पाणी. सरकारी नहर आमच्या गावाला कधी आली नाही. बोरगावकडच्या पाहुण्यांनी तिकडच्या पाटाची नुसती गोष्ट सांगितली तरी इथले लोक कान टवकारून ऐकतात. आणि इथं तर आमच्या बांधाला लागून फरशीबंद, सरळ, देखणा पाट, वर निळी पाटी, नहर. ज्याला वाचता येत होतं त्यानं ज्याला येत नव्हतं त्याला वाचून दाखवलं. गावात एकच बोलणं झालं, आपल्याकडे नहर आली.

पहिलं पाणी सोडलं त्या दिवशी गावातल्या बायका हळदकुंकवाचं ताट घेऊन निघाल्या. पुढे माझी शेजारीण गया होती. नव्या पाण्याला हळदकुंकू वाहायचं आणि नारळ फोडायचा, ही पद्धतच आहे. मला ताप होता म्हणून मी घरी होते, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. गयानं तुझ्यासमोर त्या पाण्यात हळद सोडली, कुंकू सोडलं, काठावरच्या फरशीवर नारळ फोडला आणि पहिला तुकडा तुझ्या हातावर ठेवला. तू सांगितलंस, हे पाणी प्यायचं नाही हो. पण हातात नारळाचा प्रसाद धरून सांगितलंस, दादा. सरकारी माणूस पाण्याबद्दल असं काहीतरी सांगतच असतो, पाणी उकळून प्या, गाळून प्या. बायकांनी हो हो म्हटलं आणि पदरानं कपाळ पुसत घरी आल्या.

नंतर तू मला ओशाळून सांगितलंस की त्या क्षणी तुझ्यानं जोरात बोलवलं नाही. आजवर तू कुंपणाच्या भिंती बांधल्यास, चाळी बांधल्यास, संडास बांधलेस. तुझ्या बांधकामाला कोणी हळदकुंकू वाहिलं नव्हतं. हे ऐकून मला तुझी दया आली आणि रागही आला. मी फक्त रागच दाखवला.

गाळ काढणाऱ्या माणसांना उतरता यावं म्हणून तू जागोजागी पायऱ्या ठेवल्या होत्यास. बायकांनी त्यांचा घाट केला. कपडे धुवायला याहून सोयीची जागा आमच्या गावात कधी नव्हतीच. गुरंही तिथंच उतरायला लागली. मी सांगत फिरले, पण मी ओव्हरसियरची बहीण. बायकांना वाटायचं, भावाची नहर घाण होऊ नये म्हणून ही हाकलते आहे. एक जण तर तोंडावर म्हणाली की नहर काय तुझ्या माहेरची आहे का. एका अर्थानं होतीच.

मग वैशाखात विहीर तळाला गेली. एका सकाळी मी अंगण झाडत होते तर गया डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन तुझ्या नहरेकडून येताना दिसली. मी झाडू टाकून तिच्या मागे गेले. तिच्या चुलीजवळ रांजणात ती ते पाणी ओतत होती आणि तिची नातवंडं तिथंच खेळत होती. मी तिचा हात धरला. ती चकित झाली. तिनं मला जे उत्तर दिलं ते मी त्याच दिवशी तुला शब्दाशब्दानं सांगितलं होतं, तरी पुन्हा सांगते. ती म्हणाली, "काऊन वं, सुमनबाई? वाहतं पाणी हाय. अन् तुह्या भाऊनं एवढं मजबूत बांधलं, ते का खराब पाण्यासाठी बांधते कोणी?"

मी तिचा रांजण पालथा केला. ती माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. आणि मी तशीच, चहासुद्धा न घेता, बस पकडून टेकडीपलीकडच्या तुझ्या क्वार्टरवर आले.

ते भांडण वहिनीसमोर झालं, म्हणून तिला सगळं माहीत आहे. मी म्हटलं, ती पाटी काढ आणि नाली लिही. नालीचं पाणी आपल्याकडे कोणी पिणार नाही, कोणी त्यात हात घालणार नाही, गुरंसुद्धा कोणी नेणार नाही. दहा वेळा समजावून जे होत नाही ते त्या एका शब्दानं होईल. तू म्हणालास की लोकांना समजावून सांगायला पाहिजे, तू स्वतः येऊन सभा घेशील, पहारेकरी ठेवायला साहेबांना सांगशील. मी म्हटलं, सभा घे, पण आधी नाली लिही. तेव्हा तुझा आवाज चढला.

"नाली म्हणजे घरामागची मोरी. मी मोरी नाई बांधली, सुमे. लोकायचे हात फुटले त्या कामात. त्याले मी नाली म्हणू?"

"नहर म्हणायचं असंन तर पाणीबी नहरेचं सोड त्यात," मी म्हटलं.

तू उठून आत गेलास. वहिनी चहा घेऊन आली तर तिथं फक्त मी होते. तो चहा मी घेतला नाही, याचं मला आता वाईट वाटतं, कारण तिचा त्यात काय दोष होता?

तू सभा घेतलीस, हे खरं. देवळासमोर उभा राहून सगळं सांगितलंस, विहिरीचं, झिऱ्याचं, काळ्या साक्याचं. लोकांनी शांतपणे ऐकलं. ते तुझा मान ठेवत होते. पण बोलताना तूही दर वेळी 'नहरेचं पाणी, नहरेचं पाणी' असंच म्हणत होतास. मी मागे बसून ऐकत होते आणि दर वेळी दात आवळत होते. काही बायका थांबल्या, काही नाही. गया थांबली, पण ती माझ्यावरच्या रागानं. माझ्या घरचं पाणी नको आणि पाटाचंही नको, म्हणून ती लांबच्या हापशीवर जायला लागली.

तू बाजाराच्या दिवशी यायचं कमी केलंस. आलास तरी ओसरीवरच बसायचास, यांच्याशी संत्र्यांच्या बहाराबद्दल बोलायचास. निघताना मात्र दोरीवरच्या कपड्यांकडे नजर टाकून विचारायचास, "कपडा कसा निघून राहिला?" मी म्हणायचे, निघून राहिला. तुला पुरतं उत्तर मी दिलं नाही. खरं उत्तर असं होतं की पाऊस सुरू झाल्यावर विहीर भरली, आणि घागरीतला साका पहिल्यापेक्षा कमी झाला होता. पुरता गेला नव्हता, पण कमी झाला होता. तुझी चिकणमाती, तुझं प्लास्टिक, तुझे सांधे, सगळं काम करत होतं. हे तुला सांगायला मला जड का झालं? मला वाटत होतं, हे सांगितलं तर तू म्हणशील, बघ, माझी नहर. म्हणून मी ते माझ्याजवळ ठेवलं. पुढे सांगू, असं म्हणत राहिले.

मग माझ्या लेकीच्या बाळंतपणासाठी मला नागपूरला जायचं होतं. सौसर स्टेशनवर छोट्या गाडीला तू पोचवायला आलास. न सांगता आलास. हातात संत्र्याच्या बर्फीचा डबा होता. गाडीला उशीर होता आणि आपण दोघं बाकावर शेजारी बसून समोरच्या कडुलिंबाकडे पाहत होतो. लहानपणी आपलं एक मिनिटही तोंड बंद नसायचं. गाडी आली, मी चढले, खिडकीत बसले. तू खिडकीचा गज धरून उभा राहिलास. म्हणालास, "वापस आली की एकदा तिकडे चाल माह्यासोबत. तुले एक गोष्ट दाखवाची हाय."

मी म्हटलं, "तुझी नहर मी पाहिली आहे."

आणि तीही शुद्ध भाषेत म्हटलं, दादा. आपण घरात असं बोलत नाही. राग दाखवायचा असला की मी मास्तरणीसारखी बोलते, हे तुला माहीत होतं. तू हसल्यासारखं केलंस. गज सोडलास. गाडी अशी हळू निघते की माणूस वाटेल तेवढं बोलू शकतो. तू बरोबर चालत होतास, आणि मी डब्यातल्या बर्फीकडे पाहत होते. लोधीखेडा स्टेशन येईपर्यंत मी स्वतःला समजावत राहिले की माझंच बरोबर होतं. बरोबर होतंच. पण आता त्या बरोबरचं मी काय करू?

एक गोष्ट तुला माहीत नाही. नागपूरला लेकीच्या सासरी बायका जमल्या होत्या. कोणी माहेरची चौकशी केली. माझ्या विहिणीनं विचारलं, तुमचे भाऊ काय करतात? आणि मी काय सांगितलं असेल? मी म्हटलं, माझ्या भावानं नहर बांधली आहे. असं ताठ मानेनं सांगितलं. फरश्या कशा बसवल्या, गाल टेकवून उतार कसा पाहायचास, सगळं हातवारे करून सांगितलं. लेक माझ्याकडे पाहतच राहिली. तिला आपलं भांडण माहीत होतं. रात्री तिनं मला चिडवलं, "काय गं आई, नहर का?" मी तिला म्हटलं, मामाला सांगू नकोस. तिनं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पोरीनं आईचं एवढं ऐकायला नको होतं.

त्यानंतर निरोप आला तो तुझाच. तू गेल्याचा. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. गाडीत मी एकटीच होते आणि गाडी नेहमीसारखीच हळू चालत होती.

तेरवी झाल्यावर वहिनीला तिच्या भावाजवळ सोपवून मी परवा गावी परत आले. बसमधून उतरले तर गया फाट्यावर उभी. ती मला घ्यायला आली होती. आम्ही दोघी बोलत नव्हतो, हे ती विसरली होती किंवा विसरल्यासारखं करत होती. तिनं माझी पिशवी घेतली. बरोबर तिची नवी सून होती, लाजरी पोरगी, दूर घाटावरच्या गावातून आलेली, इथलं काही ठाऊक नसलेली. चालता चालता पोरीला तहान लागली. डाव्या हाताला तुझं पाणी वाहत होतं. ती पदर खोचून तिकडे वळली. मी तोंड उघडायच्या आत गया तिच्यावर ओरडली.

"अवं, तिकडे कुठं जाऊन राहिली? नाली हाय ते."

पोरगी चटका बसल्यासारखी मागे सरली. तोंड वाकडं केलं, पदरानं नाक झाकलं आणि माझ्या पलीकडून चालायला लागली.

मी रस्त्यातच उभी राहिले. गयाला विचारलं, नाली कधीपासून म्हणायला लागलात? ती म्हणाली की मी नागपूरला गेले आणि दुसऱ्याच आठवड्यात भाऊ डांबराचा डबा घेऊन आले. त्यांनी पायऱ्या फोडून बुजवून घेतल्या आणि मग कोणाला हात लावू न देता एकटेच दिवसभर लिहीत बसले. पोरांनी वाचलं आणि घरोघरी सांगितलं. आधी बायका हसल्या, मग त्यांना किळस आली. एक जण तर म्हणाली, बापा, आपण नालीवर हळदकुंकू वाहिलं का. त्या दिवसापासून तिकडे कोणी फिरकत नाही. गया म्हणाली, "तुह्या विहिरीसमोरची जागा तुह्यासाठी धरून ठेवली होती त्यायनं. म्हने, सुमी आली की तिले दाखवतो."

मी त्यांना पुढे जायला सांगितलं आणि एकटी बांधावरून आत गेले.

निळी पाटी नव्हती. तिचे खांब होते, पाटी नव्हती. जिथं जिथं पायऱ्या होत्या तिथं तिथं नवा दगड बसवला होता, सांधे सरळ, आणि त्यावर डांबरानं, माझ्या हाताएवढ्या अक्षरात, लिहिलं होतं, नाली. पुढे गेले, पुन्हा नाली. मळ्याच्या टोकाला, आमच्या विहिरीच्या बरोबर समोर, सगळ्यात मोठं, नाली. दादा, तुला तो शब्द किती कडू लागत होता. तो तू इतक्या वेळा लिहिलास, आणि मला खिडकीतून सांगत होतास ते हेच होतं. तेव्हा लिहिलं नव्हतंस, पण मनात ठरवलं होतंस. मी एक वाक्य ऐकून घेतलं असतं तर तू मला तिथंच सांगितलं असतंस.

मी खाली बसले आणि रडले. पोटभर रडले, तेरवीला रडता आलं नव्हतं ते सगळं. मग डोळे पुसून ते अक्षर जवळून पाहिलं आणि मला हसू आलं. डांबर, खडबडीत दगड, लिहायचं काय तर नाली, आणि तरी तू वेलांटी तशीच काढली होतीस, दुकानाच्या पाटीवर काढायचास तशी, डोक्यावरून फिरवून खाली आणलेली. नालीसुद्धा तुला वाईट लिहिता आली नाही.

घरी येऊन मी विहिरीवर यांचं धोतर धुतलं आणि दोरीवर टाकलं. कपडा बरा निघून राहिला, दादा. अजून जरा पिवळट आहे, पण बरा निघून राहिला. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

आणि ते दुसरं, गाडीच्या खिडकीतून बोललेलं, ते मागे घेते. पाह्यली रे, दादा. तुही नाली पाह्यली मी.